माडबन तारण ठेवू देणार नाही

सरकारने हे शांतपणे वाचावे. आम्ही ते शांतपणे लिहीत आहोत.

हे निवेदन नाही. निवेदने देऊन झाली. जिल्हाधिकाऱ्यांना दिली, मंत्रालयात दिली, दिल्लीला पाठवली. पोचपावत्या आमच्याकडे आहेत. उत्तरे नाहीत.

हा इशारा आहे. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली आणि साखरीनाटे या पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांचा, बागायतदारांचा, मच्छीमारांचा.

भारत आणि फ्रान्स यांची मैत्री वाढते आहे. वाढावी. जानेवारी 1998 मध्ये दोन्ही देशांनी सामरिक भागीदारी जाहीर केली. मे महिन्यात पोखरणच्या अणुचाचण्या झाल्या. अमेरिकेने निर्बंध घातले, जपानने घातले, फ्रान्सने घातले नाहीत. ही गोष्ट आम्ही विसरलेलो नाही.

पुढे फ्रान्सकडून 36 राफेल विमाने आली. एप्रिल 2025 मध्ये नौदलासाठी आणखी 26 राफेलचा करार झाला. स्कॉर्पीन जातीच्या सहा पाणबुड्या मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेल्या. सहावी, वागशीर, जानेवारी 2025 मध्ये नौदलात दाखल झाली. मुंबईच्या गोद्यांमध्ये कोकणातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबत आली आहेत. देशाच्या संरक्षणाबद्दल आम्हाला कुणी धडे देऊ नयेत.

आमचा आक्षेप विमानांना नाही. पाणबुड्यांनाही नाही.

दिल्ली आणि पॅरिस यांच्या व्यवहारात आमची गावे तारण म्हणून लिहिली गेली. तारण ठेवताना मालकाला विचारतात. आम्हाला कुणी विचारले नाही. आमचा आक्षेप त्याला आहे.

सप्टेंबर 2008 मध्ये अणुव्यापाराची दारे भारताला उघडली. त्याच महिन्याच्या 30 तारखेला फ्रान्सशी अणुसहकार्याचा करार झाला. पाच महिन्यांत आमच्या गावांत येणाऱ्या जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी अरेवा या फ्रेंच कंपनीशी सामंजस्य करार झाला. प्रत्येकी 1650 मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या. एकूण 9900 मेगावॉट. एकाच सड्यावर.

जनसुनावणी झाली ती त्यानंतर, मे 2010 मध्ये. आधी सौदा, मग सुनावणी.

28 नोव्हेंबर 2010 रोजी केंद्राने 35 अटी घालून पर्यावरण मंजुरी दिली. 4 डिसेंबरला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी भारतात उतरले. 6 डिसेंबरला करारावर सह्या झाल्या. या तारखा आम्ही जुळवलेल्या नाहीत. त्या सरकारच्याच कागदांवर आहेत.

सरकारी दप्तरात आमची बरीच जमीन पडीक म्हणून लागली.

त्या पडीक जमिनीबद्दल एकदा नीट ऐकून घ्यावे. आमच्याकडे जांभ्याचा कातळ आहे. त्यात कलम लावायचे तर आधी सुरुंग लावून खड्डा फोडावा लागतो. मग माती बाहेरून आणून तो भरायचा. पहिली काही वर्षे उन्हाळाभर डोक्यावरून पाणी वाहून घालायचे. पाच-सात वर्षांनी मोहोर धरतो. तोही एका अवकाळी ढगाने गळतो. अशी हापूसची बाग उभी राहायला माणसाची अर्धी हयात जाते. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी इथे येऊन ही जमीन पाहिली. ती ओसाड नाही, असे त्यांनी लिहून ठेवले. त्यांचा अहवाल सरकारला उपलब्ध आहे.

सुरुवातीला लोकांनी मोबदल्याचे चेक नाकारले. 2013 मध्ये दर हेक्टरी साडेबावीस लाखांवर नेला. पुढे अनेकांनी चेक घेतले. ते आम्ही लपवत नाही. घर चालवायचे असते, मुलीचे लग्न असते, दवाखाना असतो. त्यांच्याकडे बोट दाखवून संमती मिळाल्याचे सांगू नये.

तो मोबदला जमिनीचा होता. समुद्राचा मोबदला कुणी दिलेला नाही. कुणी घेतलेला नाही.

साखरीनाट्याचे बंदर सातबाऱ्यावर नाही. तरीही हजारो माणसे त्यावर जेवतात. होडीवरचा तांडेल आणि खलाशी, बर्फ फोडणारा, जाळी विणणारा, टोपली घेऊन वाडीवाडीत फिरणारी बाई. अणुभट्ट्या थंड करून समुद्रात सोडायचे पाणी दिवसाला सुमारे 5200 कोटी लिटर असेल. ते भोवतालच्या पाण्यापेक्षा पाच अंशांपर्यंत गरम असेल. पाच अंश ही कागदावर किरकोळ बाब दिसते. तारली आणि बांगडा पाण्याचा अंदाज घेत थव्याने येतात. पाणी मानवले नाही तर थवा वळतो. वळलेला थवा नुकसानभरपाईचा अर्ज भरून परत आणता येत नाही.

शिवाय प्रकल्पाभोवती सुरक्षेचा पट्टा येणार. त्या पट्ट्यात होडी कुठवर जाईल आणि कुठे अडवली जाईल, हे लेखी द्या, असे आम्ही वारंवार म्हटले. दिले गेले नाही.

18 एप्रिल 2011 रोजी नाटे येथे प्रकल्पविरोधी आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. आमचा एक तरुण मच्छीमार गेला. फुकुशिमाच्या अणुअपघाताला तेव्हा सव्वा महिना झाला होता. जपानसारख्या देशात लाखाहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली होती. आमचा माणूस याच भीतीपायी रस्त्यावर आला होता.

त्याच्यानंतरही आम्ही संयम सोडला नाही. याची नोंद घ्यावी.

आता पैशाचे बोलू.

जी अणुभट्टी इथे आणायची आहे, तीच फ्रान्सने स्वतःच्या फ्लामांव्हिलला बांधली. काम 2007 मध्ये सुरू झाले. वीज 2012 मध्ये मिळायची होती. ग्रीडला जोडणी झाली डिसेंबर 2024 मध्ये. 3.3 अब्ज युरोंचा अंदाज 13 अब्जांच्या वर गेला. फिनलंडमध्ये ओल्किलुओटोला 2005 मध्ये काम सुरू झाले. नियमित वीज 2023 मध्ये मिळाली. मधल्या काळात अरेवा कंपनी आर्थिकदृष्ट्या कोलमडली. तिचा अणुभट्ट्यांचा व्यवसाय ईडीएफ या फ्रेंच सरकारी वीज कंपनीकडे गेला.

एप्रिल 2021 मध्ये ईडीएफने सहा अणुभट्ट्यांचा तांत्रिक आणि व्यापारी प्रस्ताव भारताला दिला. आपण या प्रकल्पात गुंतवणूकदार नसू आणि बांधकामही आपल्याकडे नसेल, हे त्या कंपनीने तेव्हाच जाहीर केले. तंत्रज्ञान त्यांचे. पैसा आपला. जोखीम आमची.

त्या प्रस्तावातली किंमत लोकांसमोर आलेली नाही. युनिटचा दर आलेला नाही.

रत्नागिरी जिल्ह्याला हे नवे नाही. दाभोळला एन्रॉन आली तेव्हाही दराचा कागद असाच झाकलेला होता. 2001 मध्ये राज्याच्या वीज मंडळाने ती वीज परवडत नाही म्हणून घेणे थांबवले. किंमत महाराष्ट्राने मोजली. त्या वेळी ज्यांनी प्रश्न विचारले, त्यांनाही विकासाचे शत्रू म्हटले गेले होते.

आणि जबाबदारी?

2010 च्या अणुदायित्व कायद्यात एक कलम होते. सदोष यंत्रसामग्रीमुळे अपघात झाला तर प्रकल्प चालवणारी कंपनी पुरवठादाराकडून भरपाई मागू शकत होती. हे कलम भोपाळच्या वायुदुर्घटनेमुळे आले होते. परदेशी कंपन्यांना ते खुपत होते. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने ‘शांती’ हा नवा कायदा मंजूर केला. जुना कायदा रद्द झाला. त्याबरोबर ही तरतूदही गेली.

पुरवठादाराला आपल्या यंत्रावर इतका विश्वास असेल, तर त्याची हमी द्यायला तो का कचरतो? आम्ही हा प्रश्न सभांमधून विचारला, पत्रांतून विचारला. उत्तर आले नाही. कायदाच बदलून आला.

तेव्हाच आमचा संयम संपला. तारीख आम्ही लिहून ठेवली आहे.

आम्ही थकलो आहोत, असा समज मंत्रालयात दिसतो. पंधरा वर्षे गेली, म्हातारे गेले, तरुण मुंबईला गेले, आता कोण उभे राहणार, असे बोलले जाते. हा समज सरकारने तातडीने दुरुस्त करावा. याच राजापूर तालुक्यात नाणारला तेलशुद्धीकरण प्रकल्प येणार होता. भूसंपादनाची अधिसूचना निघाली होती. मार्च 2019 मध्ये सरकारलाच ती रद्द करावी लागली. ती रद्द करायला लावणारी माणसे कुठे गेलेली नाहीत. मुंबईला गेलेले चाकरमानी आमचेच आहेत. एका निरोपावर ते येतात.

आता आमचे म्हणणे. ते लांबलचक नाही.

ईडीएफचा प्रस्ताव मराठीत जाहीर करावा. किंमत आणि युनिटचा दर त्यात असावा. पुरवठादाराची जबाबदारी अंतिम करारातच लिहावी; कायद्याने काढली असली तरी करारात लिहायला कुणी मनाई केलेली नाही. 2010 ची जनसुनावणी आम्ही मानत नाही. ती नव्याने घ्यावी. अहवाल मराठीत, प्रत्येक गावात, आधी पोचवून. मच्छीमार हा प्रकल्पबाधित आहे, हे शासन निर्णय काढून मान्य करावे. आंदोलनातले गुन्हे मागे घ्यावेत.

या गोष्टी होईपर्यंत अंतिम करारावर सही होता कामा नये. दोन्ही देशांचे नेते कितीदाही भेटोत. संयुक्त निवेदनात जैतापूरचे नाव घालण्याआधी जैतापूरला विचारावे लागेल.

मुदत 31 मे.

ही तारीख आम्ही विचार करून ठरवली आहे. 1 जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागते. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. आंब्याचा हंगाम आटोपलेला असतो. भाताची लावणी व्हायला अवकाश असतो. पंचक्रोशीतला प्रत्येक हात तेव्हा मोकळा असतो.

1 जूनपासून प्रकल्पाच्या जागेवर कोणतेही सर्वेक्षण होऊ दिले जाणार नाही. मातीचा नमुना उचलला जाणार नाही. यंत्र, ट्रक, ठेकेदाराचा माणूस कुणीही सड्यावर चढणार नाही. रस्त्यावर आम्ही असू. बायका पुढे असतील. प्रत्येक ग्रामसभा स्वतंत्र ठराव करील. त्या ठरावांच्या प्रती मुंबईतल्या फ्रेंच वाणिज्य दूतावासाला जातील, आणि प्रती घेऊन जाणारे चाकरमानी उत्तर मिळेपर्यंत तिथेच बसतील. फ्रान्सच्या जनतेला आम्ही थेट लिहू. त्यांच्या नावावर इथे काय चालले आहे, हे त्यांना कळायला हवे.

आमच्याकडून दगड उचलला जाणार नाही. ते आमचे वचन आहे. जमावबंदी लावली तर आम्ही मोडू आणि अटक करून घेऊ. तुरुंग आम्ही 2010 मध्येही भरले होते. 2011 ची पुनरावृत्ती झाली, तर तिचा आदेश कुणी दिला, हे या वेळी अज्ञात राहणार नाही.

कुणी मध्यस्थ पाठवू नये. पॅकेजचा आकडा वाढवून पाठवू नये. स्थानिक पुढाऱ्यांना एकेकटे बोलावून घेऊ नये. चर्चा करायची असेल तर ती माडबनमध्ये, उघड्यावर, सर्वांसमोर होईल. ज्याला सहीचा अधिकार आहे त्यानेच यावे.

31 मेच्या सूर्यास्तापर्यंत आम्ही वाट पाहू. त्यानंतर आमच्याकडून पत्र येणार नाही.