निकाल लांबला की घोषणेचे फावते

हिंगोलीत २६ नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन संविधान दिनी, ओबीसींचा एल्गार मेळावा झाला. जुलै २०२४ मध्ये मराठा आरक्षणाचे आंदोलक मनोज जरांगे यांची शांतता रॅलीही याच शहरात निघाली. दोन्हीकडे आरक्षणाबाबत शब्द दिले-घेतले गेले. ते घटनेत बसतात का, हे ठरवण्याचे ओझे मात्र न्यायालयावर येते. २०१४ मध्ये विधानसभेच्या तोंडावर मराठा समाजासाठी १६ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २०१८ चा मराठा आरक्षणाचा कायदा उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये उचलून धरला, पण टक्का शिक्षणात १२ आणि नोकरीत १३ वर आणला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये स्थगिती दिली आणि ५ मे २०२१ रोजी तो रद्द केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, १० टक्क्यांचा नवा कायदा आला. आरक्षणावरची ५० टक्क्यांची मर्यादा १९९२ च्या इंद्रा साहनी निकालापासून सर्वपक्षीयांना तोंडपाठ आहे. तरी हे चालते, कारण घोषणेचे श्रेय लगेच पदरात पडते आणि वर्षांनी आलेल्या निकालाचे खापर न्यायमूर्तींवर फोडता येते.

लोकांनी निवडलेल्या सरकारला न निवडलेले न्यायाधीश कसे अडवतात, हा आक्षेप दुबळा आहे. न्यायालयाने मागितले ते मागासलेपणाचे पुरावे, आणि ते देणे सरकारचेच काम. दुसरा आक्षेप वजनदार आहे. आर्थिक दुर्बलांच्या १० टक्के आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी मान्यता देताना हीच मर्यादा लवचिक ठरली. मग मराठ्यांपुढेच ती भिंत का? तिथे मात्र संसदेने घटनादुरुस्ती केली होती. मर्यादा ओलांडायची तर तो राजमार्ग आहे. मुंबईत कायदा करून दिल्लीकडे बोट दाखवणे ही पळवाट झाली.

तरीही न्यायालयाला सुटका नाही. नव्या कायद्याखालचे प्रवेश आणि नेमणुका अंतिम निकालाच्या अधीन ठेवल्या गेल्या. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव किंवा वसमतच्या विद्यार्थ्याने प्रमाणपत्रासाठी तहसीलचे खेटे घालायचे, प्रवेश घ्यायचा आणि पदवी हाती पडेपर्यंत टांगती तलवार सोसायची. घाईने न्याय बिघडतो, असे म्हटले जाईल. पण इथे साक्षीदार तपासायचे नसतात, मागासवर्ग आयोगाचा अहवाल पहिल्या दिवसापासून समोर असतो. म्हणून आरक्षणाच्या कायद्याला आव्हान मिळताच पुढच्या प्रवेशप्रक्रियेआधी अंतिम निकाल देण्याचे बंधन न्यायालयांनी स्वतःवर घालून घ्यावे. कायदा करणाऱ्यांना त्याच कार्यकाळात, त्याच मतदारांपुढे निकालाचे उत्तर द्यावे लागले, तर पुढचा कायदा करताना ते आधी पुरावे गोळा करतील.