आहेरातील सहा वाट्या

खानापूर तालुक्यातील आमच्या एका शेतकरी स्नेह्यांनी भाचीच्या लग्नात मामाचा आहेर म्हणून बेळगावहून स्टीलचा डिनर सेट नेला. खोक्यावर छापले होते ५१ नग. लग्नानंतर आठ दिवसांनी भाचीने खोके उघडले, तर सहा वाट्या कमी! सासरी कोणी काही बोलले नाही. पण ‘मामाने स्वस्तात उरकले’ असा समज व्हायला कितीसा वेळ लागतो?

मामांबरोबर आम्हीही दुकानात गेलो. दुकानदार म्हणाले, ‘मामा, पावतीवर छापलंय की! विकलेला माल परत घेत नाही.’ पावती कन्नड आणि इंग्रजीत. मामा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी पावतीकडे पाहिले, टोपी सारखी केली आणि ते मुकाट्याने पायरी उतरू लागले. आमचे दुःख वाट्यांचे नाही, त्या पायरी उतरण्याचे आहे. विकताना गोड मराठी आणि तक्रार आली की पावतीवर बोट, हा कुठला न्याय?

वाचकहो, पावतीवर छापले म्हणजे तो कायदा होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. मालाच्या संख्येतील उणीव हाही त्यात दोषच मानला आहे. पावतीवर मुदत नसेल, तर सदोष माल ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावती न देणे हीसुद्धा तशीच. शिवाय विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच. म्हणजे मामाइतकाच भाचीलाही हक्क आहे.

दुकानदार ऐकत नसेल, तर बेळगावात जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावर फोन करावा. तेथे मराठीतही तक्रार सांगता येते. आणि घटनेचे ३५० वे कलम सांगते, की केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्यांकडे गाऱ्हाणे मांडण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. कन्नडशी आमचे वैर नाही. वाचता न येणाऱ्या कागदापुढे आमच्या माणसाने मान खाली घालू नये, एवढेच आमचे म्हणणे.

म्हणून आहेराचे खोके दुकानातच उघडावे, नग मोजावेत, मगच रंगीत कागद गुंडाळावा. पावती मागावी, तिच्यावरील मजकूर दुकानदाराकडूनच वाचून घ्यावा. खोके फेकू नये. त्यावरचा आकडा हाच आपला साक्षीदार.

मामांना आम्ही पायरीवरूनच परत फिरवले आणि दुकानदारांपुढे खोक्यावरचा आकडा धरला. आवाज न चढवता कायदा सांगितला. चार दिवसांनी सहा वाट्या मिळाल्या.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण आपल्या पैशाच्या वाट्या आपल्या भाषेत मागायला कोणत्या निकालाची वाट पाहायची?