एसटीची सुधारणा : गाड्या आणि माणसे

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून गावखेड्यातील विद्यार्थी, रुग्ण आणि बाजारकरू यांचा आधार हीच गाडी आहे. तिच्या सुधारणेचा वाद मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरतो : तोटा कोणी सोसायचा आणि कामगाराला काय द्यायचे.

२०२१–२२ च्या प्रदीर्घ संपात कर्मचाऱ्यांनी एसटी महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण मागितले. या मागणीच्या विचारासाठी नेमलेल्या त्रिसदस्यीय समितीने ते अमान्य केले. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कर्मचारी कामावर परतले. त्याच वर्षी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळाला. प्रवासी वाढले, मात्र सवलतींची भरपाई शासनाकडून वेळेवर येणे महामंडळासाठी कळीचे ठरले.

नव्या गाड्यांची घोषणा निवडणुकीत उठून दिसते. वेळेवरचा पगार, मुक्कामी चालक-वाहकांसाठी स्वच्छ विश्रांतिगृह, महिला वाहकांसाठी स्वच्छतागृह आणि आगारात पुरेसे सुटे भाग या गोष्टी मात्र तशा उठून दिसत नाहीत. पुरेशी झोप झालेला चालक हीच प्रवाशाची खरी सुरक्षितता असते. म्हणून सेवासुधारणा आणि कामगारसुधारणा यांचा विचार एकत्रच व्हायला हवा.