फिल्म कोणी काढली?

७ डिसेंबर १९५६ची बाबासाहेबांची अंत्ययात्रा आपण सगळ्यांनी पडद्यावर पाहिली आहे. ती फिल्म कोणी काढली, असं अचलपूर-परतवाड्यात विचारलं तर बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. नामदेव व्हटकर. लेखक, दिग्दर्शक आणि स्वतः दलित. कच्ची फिल्म तेव्हा फुटावर मोजून घ्यावी लागे. मोठमोठ्या कंपन्यांच्या मुंबईत या माणसानं घर पणाला लावून कॅमेरा आणला.

अमेरिकेतला विल्यम ग्रीव्हज याच पिढीतला. हार्लेममध्ये वाढलेला हा नट ठरावीक भूमिकांना विटला, १९५२मध्ये कॅनडात गेला आणि तिथल्या नॅशनल फिल्म बोर्डात माहितीपट शिकला. १९६८मध्ये अमेरिकेत टीव्हीवर ‘ब्लॅक जर्नल’ सुरू झालं. कार्यक्रम काळ्यांचा, कारभारी मात्र गोरा! कर्मचाऱ्यांनी काम बंद पाडलं, तेव्हा सूत्रं ग्रीव्हजकडे आली. मग त्याच कार्यक्रमाला एमी पुरस्कारही मिळाला. हक्क मागितल्याशिवाय तिथंही कोणी देत नव्हतं.

आपल्या माणसांवर माहितीपट काढण्याचं ते काम आपल्याकडे आज सोमनाथ वाघमारे करतो. गाव मालेवाडी, जिल्हा सांगली. २०१७मध्ये त्यानं भीमा कोरेगाववर माहितीपट केला, नंतर ‘चैत्यभूमी’, तो दिग्दर्शक पा. रंजित यांच्या संस्थेनं प्रस्तुत केला. ६ डिसेंबर आला की काही वर्तमानपत्रांना दादरचा कचरा आणि वाहतूक तेवढी दिसते. बडनेऱ्याहून गाडीत चढणारी आपली माणसं येताना पिशवी भरून पुस्तकं आणतात, ते दिसत नाही. हौसेनं फोटो काढणं वेगळं आणि आपल्या माणसांकडे आपल्या नजरेनं पाहणं वेगळं. वाघमारेचा कॅमेरा दुसऱ्या जातीचा, आणि त्याचं मोल मला पुरस्कारांपेक्षा जास्त वाटतं.

आता आपल्या गावाचं बोलू. मूर्तिजापूर-अचलपूर ही शकुंतला रेल्वे १९९४पर्यंत वाफेवर धावत होती. तिच्यापायी परदेशातून हौशी लोक कॅमेरे घेऊन आले. आपण मात्र ‘त्यात काय पाहाचं?’ म्हणून तिच्यात बसलो आणि उतरलो. आता गाडीही बंद, फिनले मिलही बंद. पण त्या इंजिनात कोळसा टाकलेली, मिलमध्ये साचा चालवलेली माणसं अजून आपल्या आळीत ओसरीवर बसलेली आहेत. मोबाइल तर सगळ्यांच्याच खिशात आहे. येत्या रविवारी त्यांच्यापैकी एकाला बोलतं करा, मधे तोंड घालू नका, आणि फिल्मवर नाव-गाव-तारीख लिहून ठेवा.