नागराज ठाऊक, पण मुळीक कोण?

मैत्रिणींनो, एक गंमत करून बघा. चाळिशीच्या आसपासच्या कुठल्याही भावाला, दिराला नाहीतर नवऱ्याला सहज विचारा, "नागराज आठवतो का हो?" माणूस एकदम खुलतो. अंगावर हिरवे खवले, मनगटातून सुटणारे साप, विषारी फुंकर... सगळं धडाधड सांगायला लागतो. मग हळूच पुढचा प्रश्न विचारा, "तो काढला कुणी?" इथे मात्र भलेभले गप्प! फार तर "असेल कुणीतरी दिल्लीचा" असं उत्तर मिळतं.

तो चित्रकार दिल्लीचा नव्हता, आपल्या पुण्याचा होता. नाव प्रताप मुळीक. १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सचा पहिला 'नागराज' आला, त्याची गोष्ट परशुराम शर्मा यांची आणि चित्रं मुळीकांची. नागराजला चेहरा, अंगकाठी, उभं राहण्याची ढब या मराठी माणसाने दिली. आणि आपल्यालाच त्याचा पत्ता नाही.

आमच्या जिंतूरला रेल्वे नाही. आमच्या लहानपणी जे काही यायचं ते एसटीने. स्टँडवरच्या स्टॉलला दोरीवर कॉमिक्स लटकलेली असायची आणि गल्लीत एखादा पोरगा चार-आठ आण्याला दिवसाच्या भाड्याने द्यायचा. हिंदीत असली तरी अडत नव्हतं, मराठवाड्याच्या पोरांना हिंदीचं वावडं कधीच नव्हतं. पण घरात ते पुस्तक आधी भावाच्या हातात, मग त्याच्या मित्रांच्या आणि भांडी घासून झाल्यावर, परत द्यायच्या आधीच्या अर्ध्या तासात, आम्हा बहिणींच्या. आईचं एकच पालुपद, "काय ते साप न् मारामाऱ्या वाचता!" वाया गेलेल्या मुलांचं वाचन, अशीच त्याची ख्याती होती.

आज मात्र मला त्या पुस्तकांकडे वेगळ्या नजरेने बघावंसं वाटतं. विज्ञानकथा म्हटलं की आपल्याला डॉ. जयंत नारळीकर आठवतात, आणि ते योग्यच आहे. २०२५ मध्ये ते गेले तेव्हा घराघरात हळहळ झाली. पण शब्दांतली विज्ञानकथा ती साहित्य आणि चित्रांतली ती टाइमपास, हा भेद कुणी ठरवला? नागराजचीच गोष्ट घ्या. प्रोफेसर नागमणी नावाचा दुष्ट शास्त्रज्ञ एका माणसाचं जिवंत शस्त्र करतो आणि ते अतिरेक्यांना भाड्याने द्यायला निघतो. पुढे बाबा गोरखनाथ नागराजला त्या ताब्यातून सोडवतात आणि तो वाईटाविरुद्ध लढायला लागतो. विज्ञान कुणाच्या हातात आहे, ते कुणाच्या कामी येतंय, हा प्रश्न यात आहे की नाही? त्याच्या जोडीला गोरखनाथ आणि नागलोक, म्हणजे आपल्या आजीच्या गोष्टींतला माल. विज्ञानाला आपल्या मातीचं विरजण लावून केलेली ही कथा होती.

मुळीकांचं काम नागराजपासून सुरू झालं नाही. अनंत पै यांनी १९६७ मध्ये 'अमर चित्र कथा' सुरू केली. त्यातल्या 'राम' आणि 'शिवाजी' या अंकांची चित्रं मुळीकांनी काढलेली आहेत. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या डोळ्यांसमोर महाराज म्हणून जे चित्र उभं राहतं, त्यात थोडा वाटा या अंकाचाही असेल. पुढे १९८३ च्या सुमाराला त्याच प्रकाशनसंस्थेने, म्हणजे इंडिया बुक हाउसने, चक्क अमिताभ बच्चनला नायक करून 'सुप्रीमो' नावाची कॉमिक्स काढली. कल्पना पम्मी बक्षी यांची, कथेसाठी सल्ला गुलजारांचा आणि चित्रं पुन्हा मुळीकांची. सिनेमाचं शूटिंग सोडून हा नट गुपचूप सुप्रीमो होतो, सोबतीला शाहीन नावाचा ससाणा आणि सोनाली नावाची डॉल्फिन! आणि त्यानंतर नागराज. म्हणजे एकाच हाताने धनुष्यबाण घेतलेला राम, घोड्यावरचे शिवाजी महाराज, गॉगल घातलेला अमिताभ आणि साप सोडणारा महामानव असं सगळं काढलं. चित्रकलेची ओळख नसलेल्या माझ्यासारखीलाही यातली रेंज कळते.

आणि कष्ट? साधा हिशेब करा. कॉमिक्स ३२ पानांचं. पानाला पाच चौकटी धरल्या तरी दीडशेच्या वर चित्रं होतात. प्रत्येक चित्रात नायक वेगळ्या बाजूने दिसणार, कधी वरून, कधी पाठमोरा, कधी पळताना, पण माणूस तोच वाटला पाहिजे. आधी पेन्सिल, मग काळी शाई, मग रंग. आपण एका रुखवताच्या मांडणीने थकतो, इथे तर अंकामागून अंक देत राहायचे. आणि वाचणारा पोरगा ते अर्ध्या तासात संपवून "पुढचा कधी येणार?" विचारणार!

आता थोडं बाहेर बघू. मुळीक इकडे राम आणि नागराज काढत होते त्याच काळात फ्रान्समध्ये जाँ जिरो नावाचा चित्रकार होता. १९३८ चा जन्म. १९६३ पासून त्याने 'ब्लूबेरी' नावाची, अमेरिकेच्या जुन्या काळातल्या सैनिकाची चित्रमालिका काढली आणि विज्ञानकथा काढताना 'मोबियस' असं दुसरं नाव घेतलं. एक हात इतिहासाचा, एक अद्भुताचा, अगदी आपल्या मुळीकांसारखाच! पण पुढची वाट वेगळी झाली. जिरोने मित्रांबरोबर स्वतःचं विज्ञानकथांचं मासिक काढलं. हॉलिवूडने 'एलियन' आणि 'ट्रॉन' या सिनेमांसाठी त्याची कल्पनाशक्ती वापरली. फ्रान्समध्ये चित्रकथेला 'नववी कला' म्हणतात, अँगुलेम नावाच्या गावात १९७४ पासून तिचा मोठा उत्सव सुरू झाला. तिथे पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नायकाबरोबर चित्रकाराचं नाव ठळक असतं. २०१२ मध्ये मोबियस गेला तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली.

फ्रान्स श्रीमंत आहे म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. चित्रातून गोष्ट सांगणं आपल्याला काही नवीन नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर जातककथा दुसरं काय करतात? कोकणात पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे ठेवून रामायण-महाभारत सांगत आले. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. परंपरा आहे, हात आहेत. राम वाईरकर, दिलीप कदम, वसंत हळबे, प्रदीप साठे ही नावं बघा. 'अमर चित्र कथा'चा 'कृष्ण', ४२ अंकांचं 'महाभारत', 'टिंकल'मधला सुपंडी, शिकारी शंभू, कालिया कावळा हे सगळं या मराठी हातांनी उभं केलंय. भारतभरच्या मुलांचं बालपण आपल्या माणसांनी रंगवलं. आपण पात्रांची नावं पाठ केली आणि माणसांची विसरलो.

आता हे सगळं बायकांच्या पानावर कशासाठी, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर माझ्या रविवारच्या वाचनवर्गात आहे. वस्तीतली पंधरा-वीस मुलं येतात. त्यात नववीतली एक मुलगी आहे. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर ती चौकटी आखून गोष्टी काढते. येलदरी धरणाच्या पाण्यातून एक यंत्रमाणूस बाहेर येतो आणि दुष्काळी गावांना पाणी नेऊन देतो, ही तिची नवी गोष्ट! मी हरखून तिच्या आईला म्हटलं, हिला पुढे चित्रकलेला घाला. आई म्हणाली, "ताई, ते सात मार्कांचं तेवढं होऊ द्या. पुढं कशाला?"

सात मार्क म्हणजे काय ते आयांना ठाऊक आहेच. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत 'ए' श्रेणी मिळाली की दहावीला सात गुण वाढतात, 'बी'ला पाच, 'सी'ला तीन. योजना चांगली आहे. पण झालंय असं की, मुलीची चित्रकला आपल्याला त्या सात गुणांपुरतीच हवी असते. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर. मुलाला निदान "इंजिनीअर हो, मग छंद कर" असं तरी म्हणतात. मुलीला म्हणतात, "रांगोळी छान काढशील सासरी."

या आईला मी नावं ठेवणार नाही. चित्रं काढून पोट भरतं का, हा तिचा प्रश्न खरा आहे. आणि तो आपण खोडून काढू शकत नाही, कारण चित्रं काढून ज्यांनी आयुष्य काढलं त्यांची नावंच आपण मुलांना सांगितली नाहीत. क्रिकेटपटू होता येतं हे मुलाला कळतं, कारण सचिन त्याला माहीत असतो. चित्रकथाकार होता येतं हे कळायला मुळीक माहीत नकोत का?

खुद्द मुळीकांच्या घरातलं उदाहरण आहे. त्यांचे चिरंजीव मिलिंद मुळीक यांनी शिक्षण घेतलं इंजिनीअरिंगचं, पण वाट धरली जलरंगांची आणि आज त्यांचं नाव जलरंगात आदराने घेतलं जातं. बापलेकांची चित्रकला शिकवणारी पुस्तकंही आहेत. प्रताप मुळीकांचं 'स्केचिंग' ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलंय. म्हणजे या माणसाने नुसती चित्रं काढली नाहीत, पुढच्यांसाठी वाटही आखून ठेवली.

आणि मुलीचंही उदाहरण देते. सुपंडी काढणारे राम वाईरकर २००३ मध्ये गेले. त्यांच्यानंतर सुपंडी कुणी काढला? त्यांच्या कन्येने, अर्चना आंबेरकर यांनी. बापाचा ब्रश लेकीने हातात घेतला आणि सुपंडी हसवत राहिला. वारसा म्हटलं की शेत, दुकान आणि मुलगा आठवणाऱ्या आपल्या समाजाने हे उदाहरण फ्रेम करून लावावं!

नावाचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण बिननावाचं काम करणं आपल्याइतकं कुणाला कळणार? गोधडीवर कुणाचं नाव असतं? पापड-कुरड्यांवर? बचत गटाच्या मसाल्याच्या पाकिटावर गटाचं नाव छापलं गेलं त्या दिवशी आमच्या बायका ते पाकीट उलटसुलट करून किती वेळ बघत होत्या! काम तेच होतं, मसालाही तोच. पण नाव आलं आणि कमरेत ताठपणा आला.

कायद्यालाही हे कळतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत केलेल्या कामाचा मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. पण त्याच कायद्याचं कलम ५७ सांगतं की, हक्क विकले तरी "हे मी केलंय" असं म्हणण्याचा अधिकार कलावंताकडेच राहतो. आपल्या मुलामुलींना हे दहावीच्या आधीच कळायला हवं. चित्राखाली सही करायची आणि काम देताना काय लिहून देतोय ते वाचायचं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. मुलांना गोष्टीचं पुस्तक दिलंत, तर लेखकाबरोबर चित्रकाराचं नावही मोठ्याने वाचा. दिवाळी अंक उघडलात तर मुखपृष्ठ कुणाचं ते बघा. शाळेच्या वाचनालयात एक कप्पा चित्रकथांचा असावा असा आग्रह मुख्याध्यापकांकडे धरा, आम्ही जिंतुरात धरणार आहोत. आणि लेकीचा हात चांगला असेल तर सात गुणांवर थांबू नका. दहावी-बारावीनंतर कलाशिक्षणाचे रीतसर अभ्यासक्रम आहेत, प्रवेशपरीक्षा आहेत. शासकीय चित्रकला महाविद्यालय आपल्या मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरला आहे. त्यासाठी मुंबईच गाठली पाहिजे असं नाही. पोट भरेल का, हा प्रश्न जरूर विचारा, पण तो उत्तर शोधण्यासाठी विचारा, मुलीला गप्प करण्यासाठी नको.

तोवर एक सोपं काम. घरातल्या त्या नागराजप्रेमी मंडळींना आज चहाबरोबर एवढं सांगाच, "अहो, तुमचा नागराज पुण्याचा होता. प्रताप मुळीकांचा!" बघा चेहरे कसे होतात ते.