परदेशी गेलं की देव बदलतो का?



गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत आमच्या चौथीतली एक मुलगी माझ्या टेबलाजवळ घुटमळत उभी राहिली. तिचा दादा शिकायला परदेशी निघालाय. घरात सगळे खुशीत आहेत, आजी मात्र गप्प गप्प. मुलीनं हळूच विचारलं, "मॅडम, दादा तिकडे गेला तं त्याचा देव बदलन का? आजी तसंच म्हनते."

प्रश्न काही लहान नव्हता. "उद्या सांगते," म्हणून मी वेळ मारून नेली. रात्री आठवले ते धर्मानंद कोसंबी. आपल्याच वर्धा जिल्ह्यात, सेवाग्राम आश्रमात, ४ जून १९४७ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांची गोष्ट मी वर्गात सांगितली. तीच तुम्हालाही सांगते.

धर्मानंदांचा जन्म १८७६ साली गोव्यातल्या साखवाळ गावी झाला. शाळा त्यांना फारशी लाभली नाही. घरची नारळाची बाग सांभाळत ते मिळेल ते वाचत. एकदा 'बालबोधमेवा' या मासिकात त्यांनी गौतम बुद्धांचं छोटंसं चरित्र वाचलं. बघा हं, मुलांचं मासिक! आत्ता तुमच्या हातात आहे ना, तसंच. बुद्धांची शिकवण मुळातून समजून घ्यायचीच, असा त्यांना ध्यास लागला.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडलं. मागे पत्नी आणि तान्ही मुलगी. हे ऐकून एक मुलगा ताडकन म्हणाला, "हे बरोबर नाही केलं त्यांनी!" मी त्याला गप्प बसवलं नाही. मोठ्या माणसांच्या ध्यासाची किंमत पुष्कळदा घरच्यांनाही मोजावी लागते. तेही आपण लक्षात ठेवायला हवं.

पुण्याहून ते काशीला गेले. तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. १९०२ साली डोंगर चढत नेपाळ गाठलं. पण जे शोधत होते, ते तिथे सापडेना. फार निराश झाले. दुसरा कुणी असता तर घरचा रस्ता धरला असता. धर्मानंद मात्र त्याच वर्षी श्रीलंकेला पोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविर त्यांचे गुरू झाले. तिथली लिपी नवी, माणसं नवी, जेवणही मानवेना. तरी नेटानं पाली शिकले आणि बुद्धांची वचनं स्वतः वाचू लागले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले.

काही वर्षांनी ते घरी परतले. मग १९१० साली त्यांना थेट अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचं बोलावणं आलं. 'विशुद्धिमग्ग' हा पाली ग्रंथ तपासून शुद्ध करायचा होता. शाळा अर्धवट राहिलेला मुलगा हार्वर्डला! तो ग्रंथ १९५० साली छापून आला, तेव्हा ते हयात नव्हते.

मग, देव बदलतो का? खरं सांगायचं तर धर्मानंद बदलले. पण वारा येईल तसे नाही बदलले. चालले, शिकले, चुकले, पारखून घेतलं आणि मगच मानलं. शिवाय जे मिळालं ते साध्या मराठीत लिहून आपल्या माणसांना दिलं. 'निवेदन' या आत्मचरित्रात त्यांनी आपला हा प्रवास सांगितला आहे. अखेरच्या दिवसांत आले ते सेवाग्रामला, जिथे सर्व धर्मांची प्रार्थना एकत्र होते.

त्या मुलीला मी म्हटलं, "दादाची श्रद्धा तिकडे बदलेल किंवा आणखी पक्की होईल. ते आज कुणी सांगावं? पण आजीला खरी भीती देवाची नाही गं. नातू परका होईल, याची आहे. दादाला सांग, तिथे जे पाहशील, जे मनात येईल, ते आजीला फोनवर सांगत जा. अगदी तिला न पटणारंही."

दुसऱ्या दिवशी ती धावतच आली. "मॅडम, आजीनं दादाच्या बॅगेत तिळाचे लाडू भरले!"

पालकहो, मुलांनी असे प्रश्न विचारले तर टाळू नका. आणि मुलांनो, सेवाग्रामला गेलात तर संध्याकाळच्या प्रार्थनेला दोन घटका बसा. मनात काय आलं, ते मला लिहून कळवा. कळवाल ना?

तुमच्या मॅडम