शितावरून समुद्राची परीक्षा



आज तुम्हाला जरा लांब न्यायचे आहे. बडनेऱ्याच्या स्टेशनातून मुंबईची गाडी धरली, तर समुद्र साडेसहाशे किलोमीटरांहून थोडा पुढेच लागतो. आपल्याकडे कित्येकांनी तो सिनेमातच पाहिला असेल. तेव्हा कोणी म्हणेल, "आमच्या वावरात पऱ्हाटी नि तूर, आम्हाला समुद्राचे काय?"

पण समुद्र आपल्या घरात येतोच. आठवडी बाजारात सुके बोंबील आणि सुकट विकायला बसलेली बाई तुम्ही पाहिली आहे. आपल्या सोयाबीनचे तेल काढून उरलेली पेंड कोंबडीच्या खाद्यात जाते, तशी किनाऱ्यावरच्या तळ्यांतल्या कोळंबीच्या खाद्यातही जाते. पण आजचा विषय याहूनही जवळचा आहे. समुद्रात किती मासे आहेत हे सरकार ज्या रीतीने मोजते, त्याच रीतीने तुमच्या गावचे पीकही मोजले जाते. म्हणून ती रीत समजून घेऊ.

वावरातले पीक डोळ्यांना दिसते. गोठ्यातली गुरे मोजता येतात. पाण्याखालचा मासा ना दिसतो, ना एका जागी थांबतो. मग मोजायचा कसा? आपल्या आयाबायांना याचे उत्तर ठाऊक आहे. भात शिजला की नाही हे पाहायला कोणी पातेले रिकामे करीत नाही, एक शीत बोटांत दाबून पाहतात. समुद्राचीही परीक्षा अशीच करतात. तिला प्रायोगिक ट्रॉलिंग म्हणतात.

ट्रॉल म्हणजे बोटीमागून ओढायचे मोठे जाळे. आकार पिशवीसारखा, तोंड रुंद आणि शेपूट निमुळते. तोंडाच्या वरच्या दोराला तरंगणारे गोळे बांधतात, खालच्या दोराला वजन. त्यामुळे तोंड वर-खाली उघडे राहते. दोन्ही बाजूंना दोन जड फळ्या असतात. बोट पुढे चालली की पाण्याच्या दाबाने त्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि तोंड आडवेही ताणले जाते. जाळे समुद्राच्या तळालगत ओढत नेतात. वाटेत आलेला मासा आत शिरतो आणि शेवटच्या खोळीत जमा होतो. ठरलेला वेळ संपला की जाळे वर घेऊन खोळ फळीवर सोडतात.

मासेमारी करणारी बोट इथे बर्फ घालून मोकळी होते. पाहणीच्या बोटीचे खरे काम इथून सुरू होते. ढोमा वेगळा, शिंगाळा वेगळा, वाम वेगळी, कोळंबी वेगळी. प्रत्येक जातीचे वजन करायचे, मासा पट्टीवर ठेवून लांबी मोजायची, पोट फाडून अंडी धरली आहेत का ते पाहायचे. जागा कोणती, पाणी किती खोल, वेळ कोणती, हे सगळे वहीत उतरायचे. ताशी किती किलो मासळी मिळाली, हा या वहीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा.

आता थोडा हिशेब करू. समजा, जाळ्याचे तोंड १५ मीटर रुंद उघडले आहे आणि बोट ताशी साडेपाच किलोमीटरने चालली आहे. एका तासात जाळ्याने साडेपाच हजार मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असा पट्टा झाडून काढला. म्हणजे ८२,५०० चौरस मीटर, आपल्या भाषेत सुमारे २० एकर. त्यात ८० किलो मासळी निघाली, तर एकरी ४ किलो पडली. जाळ्यापुढून काही मासे निसटतातच, त्यांचाही अंदाज धरावा लागतो. असे एका भागात पुष्कळ ठिकाणी केले, की त्या भागात साधारण किती मासळी आहे ते कळू लागते.

मात्र यात एक मोठी अट आहे. शीत पातेल्यातून कुठूनही उचलले पाहिजे. जिथे भरपूर मासा आहे तिथेच बोट नेली, तर आकडा फुगेल. म्हणून नकाशावर समुद्राचे चौकोन पाडतात, खोलीचे पट्टे करतात, आणि भरलेल्या जागी तसेच रिकाम्या जागीही जाळे टाकतात. मासेमाराला रिकामे जाळे म्हणजे फुकट गेलेले डिझेल. पाहणी करणाऱ्याला रिकामे जाळे हेही उत्तरच असते.

आता तुमच्या गावाकडे वळू. पीक कापणी प्रयोग तुम्हाला माहीत आहे. गावातले शेत चिठ्ठी काढल्यासारखे निवडतात. त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखतात, तेवढेच पीक कापून, मळून, वजन करतात. त्यावरून साऱ्या मंडळाचे सरासरी उत्पन्न निघते. ते उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेले तर पीक विम्याची भरपाई, वर राहिले तर काही नाही. म्हणजे त्या लहानशा तुकड्यावर शेकडो घरांचे वर्ष टांगलेले असते. तुकडा सोयीचे शेत पाहून घेतला, किंवा वजन अंदाजाने लिहिले, तर नुकसान झालेला कास्तकार कोरडा राहतो. समुद्रातले जाळे असो की वावरातला तुकडा, शीत प्रामाणिकपणे उचलले गेले पाहिजे.

समुद्राची ही परीक्षा आपल्या देशात नवी नाही. १९०८-०९ मध्ये ‘गोल्डन क्राऊन’ नावाच्या वाफेच्या बोटीने बंगालच्या उपसागरात असे जाळे ओढून पाहिले. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने ‘विल्यम कॅरिक’ ही बोट आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फिरवली. पुढे दुसरे महायुद्ध झाले. १९४३ मध्ये बंगालात भीषण दुष्काळ पडला. देशापुढे पोट भरण्याचा प्रश्न उभा राहिला. जमिनीवर अधिक धान्य पिकवा अशी हाक दिली गेली, तशी समुद्राकडेही नजर गेली. १९४६ मध्ये केंद्र सरकारने मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र काढले. त्याच्या बोटींनी मुंबईपासून सौराष्ट्रापर्यंतचा तळ धुंडाळला. या भागात उथळ तळ किनाऱ्यापासून दूरवर पसरलेला आहे. घोळ, दाढा, कोथ, वाम असे मोठे मासे कुठे मिळतात, याची माहिती हळूहळू नकाशावर उतरू लागली.

१९७६ च्या कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रसंपत्तीवर भारताचा हक्क ठरला. हे क्षेत्र सुमारे २० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे साऱ्या महाराष्ट्राच्या सहापटीहून जास्त. एवढ्या मोठ्या वावराचा सातबारा तर हाती आला, पण त्यात काय पिकते ते कोणी सांगायचे? मुंबईचे ते जुने केंद्र वाढत वाढत १९८३ मध्ये राष्ट्रीय संस्था झाले. तिचे नाव भारतीय मत्स्य सर्वेक्षण. मुख्यालय मुंबईलाच आहे, आणि मुरगाव, कोची, चेन्नई, विशाखापट्टणम, पोर्ट ब्लेअर इथूनही तिच्या बोटी निघत आल्या आहेत. ‘मत्स्य निरीक्षणी’ हे तिच्या एका बोटीचे नाव. बोटीचे काम नावातच सांगितलेले आहे.

इथपर्यंत गोष्ट चांगली आहे. आता दुसरी बाजू पाहा.

कुठे मासा आहे हे कळले, की तिथे सगळेच धावतात. परदेशात कोळंबीला भाव आला आणि साठ-सत्तरच्या दशकांत किनाऱ्यावर ट्रॉलर भराभर वाढले. पाहणीची बोट तळावरून तासभर जाळे ओढून निघून जाते. धंद्याच्या बोटी त्याच तळावरून पुन्हा पुन्हा, दिवसरात्र जाळे ओढतात. बारीक आसाच्या जाळ्यात मोठ्या मासळीबरोबर पिल्लेही येतात. गोव्यात किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्या गरीब मच्छीमारांच्या ताटातला मासा कमी झाला, तेव्हा सत्तरच्या दशकात ते रापणकार रस्त्यावर उतरले. किनाऱ्याजवळचे पाणी आम्हा लहान मच्छीमारांसाठी राखून ठेवा, एवढीच त्यांची मुख्य मागणी होती. पुढे १९८० मध्ये गोव्यात आणि १९८१ मध्ये महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवतात तीही मासळीला अंडी घालायला आणि वाढायला उसंत मिळावी म्हणून. एवढे करूनही पापलेटसारखा मासा कमी होत गेला. २०२३ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्यमासा जाहीर केले, ते त्याचे रक्षण व्हावे म्हणूनच.

कोणी विचारील, मग पाहणी केली हेच चुकले का? नाही. पाहणी एकदा करून भागते असे समजणे चुकले. पहिली पाहणी सांगते, कुठे आहे. दुसरी सांगते, किती उरले. सर्वांत मोलाची ती, जी सांगते की आता हात आवरा. ताशी मिळणारी मासळी वर्षामागून वर्ष घटत चालली, मापाने मासा लहान होत चालला, की समजावे, व्याज संपले आणि मुद्दल खाणे सुरू झाले. हे एका वर्षाच्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी त्याच जागी, त्याच रीतीने, वर्षानुवर्षे जाळे टाकून वही लिहावी लागते. कंटाळवाणे काम आहे, पण त्याला दुसरा मार्ग नाही.

हे तुम्हाला परके वाटायला नको. आपल्याच जिल्ह्यात वरुड-मोर्शीकडे काय झाले? पहिल्या बोअरला पाणी लागले, संत्र्याच्या बागा बहरल्या, भरभराट आली. शेजाऱ्याने बोअर घेतली, त्याच्या शेजाऱ्याने त्याहून खोल घेतली. पाणी खाली खाली गेले आणि उन्हाळ्यात उभ्या बागा वाळताना लोकांनी पाहिल्या. भूजल सर्वेक्षणाची माणसे निरीक्षण विहिरीत वर्षातून चारदा टेप सोडून पातळी मोजतात, तेव्हा आपण बांधावर उभे राहून गंमत पाहतो. ती गंमत नाही. समुद्रात जाळे टाकून जे करतात, तेच ते विहिरीत टेप टाकून करतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण आपलीच. पण आडात किती आहे हे वेळेवर पाहिल्याशिवाय म्हणीचा काय उपयोग?

तेव्हा तीन गोष्टी करा. पहिली, गावात पीक कापणी प्रयोग असेल त्या दिवशी चार जणांनी तिथे हजर राहा. भांडायला नव्हे, पाहायला. शेत कसे निवडले, तुकडा कसा आखला, वजन काय भरले, हे सर्वांसमक्ष होऊ द्या. दुसरी, आपल्या विहिरीची पातळी दर महिन्याला एकाच तारखेला दोर सोडून मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. शाळेत जाणाऱ्या मुलीला हे काम द्या, ती चुकणार नाही. तिसरी, कोणते वावर किती पिकले याची वही ठेवा. चांगल्या वर्षाचे सगळ्यांनाच आठवते, वाईट वर्षाचे मात्र लिहून ठेवावे लागते.

पाच वर्षांनी ती वही उघडाल तेव्हा पाणी वर चढते आहे की खाली जाते आहे, जमीन देते आहे की थकते आहे, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही. आणि बोअर आणखी खोल न्यायची की नाही, हा निर्णय शेजाऱ्याकडे पाहून न घेता वहीकडे पाहून घेता येईल.

बरे तर, पुढल्या आठवड्यात भेटू. विहिरीचा दोर मात्र आजच शोधून ठेवा.